माल्टाला सहा दिवस: काय पाहावं आणि कोणत्या क्रमानं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात सहा दिवस हातात आहेत, सोबत 68 वर्षांची आई आणि 72 वर्षांचे, लष्करातून निवृत्त झालेले बाबा. तिघांनाही इतिहासाची आवड. सहल आखून देणाऱ्याने सांगितलं की माल्टा म्हणजे समुद्रकिनारे, दोन दिवस पुरे, उरलेले चार सिसिलीत घालवा. बाबांचा वेगळा प्रश्न, की त्या बेटाशी आपल्या लोकांचा काही संबंध आला होता का. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते, कारण ते देताना घाई नको.

दोन दिवसांचा सल्ला मला मान्य नाही. गेली चौदा वर्षं मी आठ-दहा जणांचे छोटे गट घेऊन माल्टाला जाते आहे. त्याआधी सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर लोकांना नेत होते. माझ्या मते सहाचे सहा दिवस माल्टालाच द्या. देश 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्यापेक्षाही लहान. पण त्या एवढ्याशा जागेत साडेपाच हजार वर्षांचं बांधकाम एकावर एक रचलेलं आहे. लोक नकाशा बघून ‘जवळ-जवळची’ ठिकाणं एका दिवसात कोंबतात. सकाळी इसवी सनाआधीचं मंदिर, दुपारी महायुद्धाचं भुयार, संध्याकाळी सतराव्या शतकातलं चर्च असं केलं की तिसऱ्या दिवशी सगळं एकसारखं वाटू लागतं. अंतरं इतकी कमी आहेत की नकाशाचा क्रम पाळायची गरजच नाही. काळाचा क्रम पाळा. आधी सगळ्यात जुनं बघा, मग पुढे या. चौदा वर्षांत मला उमगलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

सुरुवात दगडापासून करू, कारण तिथलं सगळं त्याच्यातूनच आलंय. माल्टात मुख्यतः दोन प्रकारचे चुनखडीचे दगड. एक मऊ, मधाच्या रंगाचा, करवतीने कापता येणारा. त्याला ग्लोबिजेरिना म्हणतात. दुसरा कठीण, करडा, त्याला कोरलाइन म्हणतात. मऊ दगड खाणीतून निघतो तेव्हा ओलसर असतो आणि हवा लागली की त्याच्यावर कडक कवच धरतं. कोकणातला जांभा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. घरं, तट, चर्च, शेताचे बांध, सगळं त्याच दगडाचं असल्यामुळे संध्याकाळच्या उन्हात आख्खं बेट एकाच रंगाचं दिसतं.

आता कामाची गोष्ट. विमानाची तिकिटं काढायच्या आधी हाल सफ्लिएनी हायपोजियमची तिकिटं बघा. पाओला गावात, साध्या घरांच्या रांगेत, जमिनीखाली तीन मजले खोल कोरलेलं हे दफनस्थान आणि पूजास्थान. 1902 मध्ये नवीन घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना गवंड्यांच्या कुदळी एकदम पोकळीत गेल्या आणि ते सापडलं. इसवी सनपूर्व 4000 ते 2500 या काळात ते टप्प्याटप्प्याने कोरलं गेलं आणि तिथे सुमारे सात हजार माणसांचे अवशेष असावेत असा अंदाज आहे. माणसांच्या श्वासानेही आतल्या तांबड्या गेरूच्या नक्षीला धोका पोचतो, म्हणून एका वेळी फक्त 10 जणांना सोडतात, दिवसाला 80च्या आसपास. तिकिटं कित्येक आठवडे, कधी महिने आधी संपतात. आदल्या दिवशी मोजकी तिकिटं काउंटरवर विकतात, पण आईबाबांना घेऊन त्या रांगेच्या भरवशावर जाऊ नका. पहिल्या वर्षी माझ्याकडून उशीर झाला आणि माझ्या गटातल्या नऊ जणांना ते न बघताच परतावं लागलं. त्यांतल्या एक आजी पुन्हा कधी येऊ शकल्या नाहीत. तेव्हापासून मी हायपोजियमची तारीख मिळाल्याशिवाय सहलीची तारीख ठरवत नाही.

आत काय बघाल? सगळ्यात खोल नव्हे, मधल्या मजल्यावर एक दालन आहे, त्याला गाभारा म्हणायला हरकत नाही. त्याचं दार, त्यावरची आडवी तुळई, आत झुकत जाणारे छताचे थर, हे सगळं अखंड खडकात कोरलंय, पण दिसतं मात्र जमिनीवर दगडावर दगड रचून बांधल्यासारखं. भाजे किंवा कार्ल्याच्या लेण्यात आपण हेच पाहतो: लाकडी बांधकामाची नक्कल खडकात. तिथे कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी चैत्यगृह होतं, इथे जमिनीवरचं दगडी मंदिर. बेटावरच्या मंदिरांची छपरं केव्हाच नाहीशी झाली. ती कशी असतील याचा सगळ्यात चांगला पुरावा या अंधारात आहे. म्हणून हायपोजियम आधी आणि उघड्यावरची मंदिरं नंतर पाहावीत. आईंना सांगून ठेवा की जिने अरुंद आहेत, हवा दमट असते, फोटो काढू देत नाहीत. पण फेरी तासाभराच्या आतच संपते, आणि गुडघे बरे असतील तर काही त्रास होत नाही.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर तर्शिनची मंदिरं. शेतकऱ्याचा नांगर सारखा मोठ्या दगडांना अडत होता, म्हणून टेमी झामित या माल्टीज डॉक्टर-पुरातत्त्वज्ञांनी 1915 ते 1919 या काळात उत्खनन केलं. तिथे एका भल्यामोठ्या मूर्तीचा फक्त खालचा भाग उरलाय: घोळदार, चुण्यांचा घागरा आणि दोन जाडजूड पोटऱ्या. जागेवर आहे ती प्रतिकृती. अस्सल मूर्ती राजधानी व्हॅलेटातल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ठेवली आहे. त्याच संग्रहालयात हायपोजियममध्ये सापडलेली ‘निद्रिस्त स्त्री’ आहे. कुशीवर झोपलेली, उशाला हात घेतलेली, जेमतेम 12 सेंटिमीटरची मातीची मूर्ती. ती वेगळ्या लहान खोलीत, मंद दिव्यात ठेवली आहे. लोक काचेपुढे दोन मिनिटं थांबून पुढे जातात. तुम्ही दहा मिनिटं थांबा. ती देवी की मेलेलं माणूस की स्वप्न बघणारी पुजारीण, यावर जाणकारांचं एकमत नाही, आणि मला त्याने काही फरक पडत नाही. तिच्या दंडाचं आणि कुशीचं वजन ज्याने मातीत पकडलं, त्याने झोपलेलं माणूस फार मायेने पाहिलं होतं.

दुसरा दिवस दक्षिण किनाऱ्यावरच्या हाजर-ईम आणि म्नायद्रा या मंदिरांना. नावांबद्दल थोडं सांगते, कारण आपल्याला इथे एक सोय आहे. माल्टीज ही अरबी कुळातली भाषा, पण रोमन लिपीत लिहितात. त्यांच्या लिपीतल्या एक्सचा उच्चार ‘श’, जेचा ‘य’, आणि क्यू म्हणजे घशात अडकलेला एक झटका. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा पर्यटक सगळी नावं चुकीची म्हणतो. तुम्ही ती देवनागरीत लिहून घ्या, मार्साश्लॉक, शारा, इमदिना, मग बसचालकालाही चटकन कळतं. आणि कान उघडे ठेवलेत तर ओळखीचे शब्द भेटतील. जगाला ते ‘दिन्या’ म्हणतात, पुस्तकाला ‘क्तीब’, बातमीला ‘अहबार’. आपल्याकडे दुनिया, किताब आणि खबर फारसीमार्गे आले, त्यांच्याकडे अरबांच्या राज्यातून. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांमध्ये अशी ही एकटीच. आणि बोलणारे बहुतेक कॅथलिक, देवाला ‘अल्ला’ म्हणून हाक मारणारे. तिथल्या चर्चमध्ये ती हाक ऐकताना मला दर वेळी भरून येतं.

‘हाजर’ म्हणजे दगड. हाजर-ईम मऊ, मधाळ दगडाचं आहे आणि उतारावरून पाचशे मीटर खाली असलेलं म्नायद्रा बरंचसं कठीण करड्या दगडाचं. एक झिजलंय, दुसरं टिकलंय. दोन दगडांमधला फरक शिकायला याहून चांगली जागा नाही. 2009 पासून दोन्हींवर मोठे पांढरे तंबू आहेत. अनेकांना ते खटकतात. मला नाही. साडेपाच हजार वर्षांनी पाऊस-वारा-खारं पाणी यांच्यापुढे मऊ दगडाने आणखी किती टिकाव धरायचा? म्नायद्राचं खालचं मंदिर असं बांधलंय, की विषुवदिनी, म्हणजे दिवसरात्र समान असतात तेव्हा, उगवता सूर्य दारातून सरळ आतवर येतो. मे महिन्यात ते दिसणार नाही, पण दारात उभं राहून पूर्वेकडे बघितलं की रचना कळते. म्नायद्राहून परतीचा चढ उन्हाचा आहे. सकाळी नऊला पोचा, म्हणजे अकराच्या आत वर याल. जवळच ब्लू ग्रोटो नावाच्या समुद्रगुहांकडे नेणाऱ्या होड्या आहेत. समुद्र शांत असेल तर वीस-पंचवीस मिनिटांची फेरी छान होते, नसेल तर हळहळू नका.

तिसरा दिवस गोझो बेटाचा. तिथले लोक त्याला आउदेश म्हणतात. चिर्केवाच्या धक्क्यावरून मोठी बोट पंचवीस मिनिटांत नेते. व्हॅलेटाहून सरळ जलद बोटही आहे, पाऊण तासाची. शारा गावातलं जगन्तिया मंदिर इसवी सनपूर्व 3600च्या सुमाराचं, म्हणजे गीझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या हजारभर वर्षं आधीचं. बाहेरची भिंत आजही काही ठिकाणी सहा मीटर उंच आहे. धातूचं एकही हत्यार नसताना हे दगड हलवले कसे? अशा मंदिरांजवळ दगडी गोळे सापडतात. त्यांच्यावरून दगड घरंगळत नेले असावेत. गावकऱ्यांच्या गोष्टीत मात्र एक राक्षसीण खांद्यावर मूल घेऊन एका रात्रीत हे बांधते. एका रात्रीत बांधून पुरं करायची गोष्ट आपल्याकडेही प्रत्येक हेमाडपंती देवळाला पांडवांच्या नावाने चिकटलेली असते, त्यामुळे ती ऐकताना घरच्यासारखं वाटतं.

दुपारी चित्ताडेला, म्हणजे गोझोचा बालेकिल्ला. तो पाहण्याआधी एक साल लक्षात ठेवा: 1551. त्या वर्षी ऑटोमन आरमाराने हा किल्ला घेतला आणि बेटावरची सुमारे पाच हजार माणसं, म्हणजे जवळजवळ सगळी, गुलाम म्हणून नेली. पुढे लोक पुन्हा वसले, पण 1637 पर्यंत कायदा होता की रात्र किल्ल्यातच काढायची. दिवसभर शेतात काम करायचं आणि अंधार पडायच्या आत डोंगर चढून तटाच्या आत यायचं. तटावरून चारी बाजूंनी बेटाच्या कडा दिसतात. आतल्या पडक्या घरांच्या ओळी पाहताना हे मनात असलं तर त्या भिंती वेगळ्याच दिसतात. चढ आहे, पण रस्ता चांगला आहे आणि लिफ्टही आहे. वेळ उरला तर श्वेनीच्या किनाऱ्यावर खडकात कोरलेली मिठागरं बघा. मे महिन्यात तिथे मीठ धरायला सुरुवात झालेली असते. आणि हो, जुन्या माहितीपत्रकांत समुद्रातली एक प्रचंड दगडी कमान दिसेल, ‘अझुर विंडो’ नावाची. ती 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. आता तिथे फक्त पाणी आहे. काही जण अजून तिचा फोटो छापून सहली विकतात.

चौथा दिवस रोमन काळ आणि मध्ययुग. इमदिना ही जुनी राजधानी, आणि तिच्या तटाबाहेरचं गाव रबात. सकाळी रबातमधली सेंट पॉलची दफनभुयारं बघा. त्यांत खडकात कोरलेली गोल, बुटकी मेजं आहेत. मेलेल्या माणसाच्या नावाने नातेवाईक तिथे एकत्र जेवत. ख्रिस्ती, ज्यू आणि जुन्या धर्माची माणसं एकाच परिसरात पुरलेली आहेत. इमदिनात मात्र सकाळी जाऊ नका. दिवसा बसगाड्या भरून लोक येतात. तुम्ही संध्याकाळी पाचनंतर आत शिरा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. आत तीनशेहून कमी माणसं राहतात. गल्ल्या मुद्दाम वळवलेल्या, सावलीसाठी आणि बाणांच्या माऱ्यापासून बचावासाठी. 1693च्या भूकंपाने बरंच पडलं, त्यानंतर लॉरेन्झो गाफा या माल्टीज वास्तुरचनाकाराने आजचं कॅथेड्रल उभं केलं. मुख्य दरवाजा 1724चा, तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या नाइटांचा (त्यांच्याबद्दल पुढे सांगते) पोर्तुगीज प्रमुख मानुएल द व्हिलेना याच्या कारकिर्दीतला.

आता शेवटचे दोन दिवस व्हॅलेटा आणि समोरची तीन गावं. खरं तर याच भागासाठी मी हे उत्तर लिहायला बसले.

सेंट जॉनचे नाइट हे लढणारे, व्रत घेतलेले ख्रिस्ती सरदार. ऱ्होड्स बेट तुर्कांनी घेतल्यावर ते बेघर झाले. 1530 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिलं. मोबदला म्हणून दर वर्षी एक ससाणा द्यायचा. 1565च्या मे महिन्यात तुर्कांचं आरमार आलं. फौज तीस-चाळीस हजारांची मानतात. आत लढणारे आठ-नऊ हजारांच्या आसपास, त्यांत नाइट जेमतेम पाच-सहाशे. बाकीचे मुख्यतः साधे माल्टीज लोक. (त्याच वर्षाच्या जानेवारीत इकडे तालिकोटची लढाई होऊन विजयनगर पडलं होतं. सालं शेजारी ठेवली की जग एकदम जवळ येतं.)

आता अप्पर बराक्का बागेत जा. व्हॅलेटाचा हा सगळ्यात उंच सज्जा. खाली ग्रँड हार्बर, समोर पाण्यात घुसलेल्या दोन जिभा. डावीकडच्या जिभेच्या टोकाला सेंट अँजेलो किल्ला आणि त्यामागे बिर्गू, उजवीकडच्या जिभेवर लिस्ला, आणि दोघींच्या मुळाशी बोर्मला. बहुतेक गाइड इथे ‘बघा, नाइटांचं शहर’ म्हणून सुरुवात करतात आणि तिथेच घोटाळा होतो. 1565 मध्ये व्हॅलेटा नव्हतंच. तुम्ही उभे आहात तो तेव्हा उघडा, ओसाड डोंगर होता आणि त्यावर तुर्कांच्या तोफा होत्या. नाइट समोर, पाण्यापलीकडे होते. म्हणजे हा देखावा तुम्ही वेढा घालणाऱ्याच्या डोळ्यांनी बघता आहात. हे एकदा कळलं की सगळा वेढा हाताच्या तळव्यावर मांडल्यासारखा दिसतो.

या डोंगराच्या टोकाला, समुद्राच्या तोंडाशी, सेंट एल्मो हा एकच छोटा किल्ला होता. तुर्कांना वाटलं, चार-पाच दिवसांत पडेल. तो महिनाभर झुंजला. रात्री बिर्गूहून होड्यांतून ताजी माणसं यायची, जखमी परत जायचे. पुढे तोही मार्ग बंद झाला. 23 जूनला तो पडला तेव्हा आतले जवळजवळ सगळे मारले गेले होते. पण तुर्कांची हजारो माणसं तिथे खर्ची पडली आणि त्यांचा नावाजलेला दर्यावर्दी द्रागुतही. त्या महिन्याने बाकीच्यांना वेळ मिळाला, आणि सप्टेंबरमध्ये सिसिलीहून कुमक आल्यावर वेढा उठला. माझ्या गटांना मी इथे एवढंच सांगते: ही त्यांची पावनखिंड. मराठी माणसाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. 8 सप्टेंबर हा आजही तिथे राष्ट्रीय सणाचा दिवस आहे आणि त्या दिवशी बंदरात होड्यांच्या शर्यती होतात.

वेढा उठल्यावर नाइटांचा प्रमुख जाँ द ला व्हालेत याने तोच ओसाड डोंगर बांधून काढायचं ठरवलं. 28 मार्च 1566 रोजी पायाचा दगड बसला. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीच्या 98 वर्षं आधी. फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याने आखणी केली, गिरोलामो कासार या माल्टीज माणसाने ती पुरी केली. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, म्हणजे समुद्राचा वारा आरपार जावा. बेटावर नदी नाही, म्हणून प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं हवंच असा नियम केला. किल्ल्यावर चढल्यावर आधी टाकी शोधणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच पटतं. बाबांना तट दाखवताना एक बघायला सांगा: बुरूज आपल्यासारखे गोल नाहीत, बाणाच्या टोकासारखे कोनात आहेत. तोफांचं युग आलं होतं. एका बुरुजाच्या बाजूवरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्यापर्यंत मारा करता यावा, कुठेही आंधळा कोपरा राहू नये, हा त्यामागचा हिशेब. लँड फ्रंटचा, म्हणजे जमिनीकडच्या तटाचा, खंदक खडक फोडून काढलाय आणि निघालेला दगड तटाला वापरलाय.

शहराच्या मध्यावर सेंट जॉन्स को-कॅथेड्रल. बाहेरून अगदी साधं, कडक, छावणीतल्या इमारतीसारखं. दार ओलांडलं की डोळे दिपतात. मात्तिया प्रेती या चित्रकाराने 1661 ते 1666 या काळात छत रंगवलं, भिंतींवर सोन्याचा मुलामा, आणि जमिनीवर जवळजवळ चारशे नाइटांच्या रंगीत संगमरवरी समाध्या, त्यांवर हाडांचे सापळे, कवट्या, ढाली आणि पंख. तुम्ही त्यांच्यावरूनच चालत असता. बारीक टाचांची पादत्राणं चालत नाहीत, खांदे झाकलेले हवेत, आणि रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो.

बाजूच्या दालनात कारवाज्जिओ या इटालियन चित्रकाराचं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे चित्र आहे, 1608चं. साडेतीन मीटरहून उंच, पाच मीटरहून रुंद, त्याचं सगळ्यात मोठं आणि त्याने सही केलेलं एकमेव चित्र. सही संताच्या मानेतून वाहिलेल्या रक्तात आहे. कारवाज्जिओ रोममध्ये खून करून पळाला होता. माल्टात त्याला नाइट करून घेतलं, काही महिन्यांत मारामारीत तो कैदेत पडला, सेंट अँजेलोतून निसटला. मग 1 डिसेंबर 1608 रोजी, याच दालनात, याच चित्रासमोर सभा भरवून त्याला ‘सडका अवयव’ म्हणून संघातून काढून टाकलं. चित्रात अर्ध्याहून जास्त जागा रिकामी, काळोखी भिंत आहे. कैदी खिडकीच्या गजांतून बघतायत. मारेकरी पाठीमागच्या सुरीकडे हात नेतोय, काम अजून पुरं झालेलं नाही. गटाला तिथे मी काही बोलत नाही. तुम्हीही ऑडिओ गाइड थोडा वेळ कानातून काढा.

आणि एक गोष्ट आवर्जून बघा, जी बरेच गाइड वगळतात. त्याच कॅथेड्रलमध्ये निकोलास कोतोनेर या प्रमुखाचं स्मारक आहे. त्याचा सगळा भार दोन वाकलेल्या गुलामांच्या पाठीवर दाखवलाय, एक आफ्रिकन, एक पूर्वेकडचा. नाइटांची गलबतं गुलाम वल्हवत, आणि हे नाइट दर्यावर चाचेगिरी करून मुसलमान प्रवासी पकडून विकत. गोझोहून पाच हजार माणसं नेली हे जसं सांगायचं, तसंच हेही सांगायला हवं. नाइटांचा पराक्रम खरा आहे, आणि ही दोन वाकलेली माणसंही खरी आहेत. दोन्ही बघून बाहेर या.

सहाव्या दिवशी सकाळी बंदर ओलांडून बिर्गूला जा. बराक्काच्या लिफ्टने 58 मीटर खाली उतरा, आईंच्या गुडघ्यांना जिन्यांचा ताण नको. खाली लाकडी ‘दायसा’ मिळते, दोन्ही टोकं उंच असलेली लहान होडी. दहा मिनिटांत पलीकडे. तिथे इन्क्विझिटरचा वाडा आहे, धर्मन्यायालयाचा. कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी कोरलेली चित्रं आहेत. गल्ल्यांत लाकडी, बंदिस्त, रंगवलेले सज्जे दिसतील, त्यांना ‘गल्लारिया’ म्हणतात.

दुपारी दुसरं महायुद्ध. ब्रिटिशांच्या ताब्यातलं हे बेट 1940 ते 1942 इटली आणि जर्मनीच्या बॉम्बखाली होतं. लोक त्याच मऊ दगडात भुयारं खोदून राहिले. 15 एप्रिल 1942 रोजी ब्रिटिश राजाने आख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं. ते आजही त्यांच्या ध्वजावर आहे. अन्न आणि तेल संपत आलं असताना ऑगस्टमध्ये मोठा ताफा निघाला. 15 ऑगस्टला, मरियेच्या सणाच्या दिवशी, ‘ओहायो’ हे अर्धं बुडालेलं तेलवाहू जहाज दोन्ही बाजूंनी इतर जहाजांचा आधार देत बंदरात आणलं. वयस्कर माल्टीज माणसं त्याला अजून सांता मारिया ताफा म्हणतात. बाबांना लास्करिस वॉर रूम्स नक्की दाखवा: व्हॅलेटाच्या खडकाखालच्या खोल्या, जिथून 1943ची सिसिलीवरची चढाई चालवली गेली. मोस्ताचं घुमटाचं चर्चही याच काळाचं साक्षीदार. 9 एप्रिल 1942 रोजी प्रार्थनेच्या वेळी बॉम्ब घुमट फोडून आत पडला आणि फुटला नाही. तिथे अर्धा तास पुरतो.

खाण्याचं म्हणाल तर पस्तित्सी, म्हणजे वाटाण्याची किंवा रिकोटा चीजची कुरकुरीत पुडी, सगळीकडे मिळते. आई शाकाहारी असतील तर पिठात चरबी आहे का ते विचारून घ्या, काही ठिकाणी असते. हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेचा एकत्रित पास घ्या, बरीच सरकारी स्थळं त्यात येतात. हायपोजियम आणि को-कॅथेड्रल मात्र त्यात नाहीत. व्हिसा शेंगेनचा. विजेचे पिन ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन दात्यांचे.

आता बाबांचा प्रश्न. हो, आला होता. 1878 मध्ये रशियन सैन्य इस्तंबूलच्या वेशीशी पोचलं, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने दबाव आणण्यासाठी हिंदी सैन्य युरोपात हलवलं. सुमारे सात हजार सैनिक मुंबईहून जहाजात चढून माल्टाला उतरले, त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. तंबू पडले, माल्टीज लोक त्यांना बघायला गर्दी करून आले. लढाई झाली नाही, आणि फौज पुढे सायप्रसला गेली. त्यानंतर पहिल्या महायुद्धात गॅलिपोली आणि सालोनिका या आघाड्यांवरचे जखमी माल्टाच्या इस्पितळांत आणत. त्या बेटाला ‘भूमध्य समुद्राची परिचारिका’ म्हणत. जे वाचले नाहीत त्यांच्यासाठी व्हॅलेटाजवळ पिएता इथे लष्करी दफनभूमी आहे. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडच्या सैनिकांबरोबर तिथे हिंदी सैनिकांचंही स्मरण आहे, ज्यांना माल्टातच अग्नी दिला गेला.

कोणत्याही सहलीच्या यादीत ती जागा नाही. व्हॅलेटाच्या बसस्थानकाहून बसने पंधरा मिनिटं लागतात. सहाव्या दिवशी सकाळी, बिर्गूला जाण्याआधी, तासभर काढा. कबरी बेटाच्या रीतीप्रमाणे जमिनीला लागून, आडव्या आहेत, कारण खाली खडक आहे आणि खोल खणता येत नाही. रस्त्यावरच्या दुकानात फुलं मिळतात. बाबांना फुलं सोबत न्यायची असतील तर आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, सकाळी दुकानं उशिरा उघडतात.